लेखकु कोण?

महाडच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवीत होतो, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. एकदा भाषांतराच्या तासाला मी फळ्यावर दोन सोपी इंग्रजी वाक्ये दिली. दोहोंत क्रियापद एकच, ‘राइट’चे भूतकाळी रूप ‘रोट’. कर्म एकच, दासबोध. पहिल्या वाक्याचे कर्ते रामदास, दुसऱ्याचे कल्याण. शिवथरच्या बाजूने येणाऱ्या एका मुलाने वहीत लिहिले, ‘समर्थांनी दासबोध सांगितला. कल्याणांनी तो लिहिला.’ पहिल्या वाक्याखाली मी तांबडी रेघ ओढली. ‘रोट’ म्हणजे सांगणे नव्हे, असे त्याला बजावलेही. मुलाने वाद घातला नाही. चूक माझी होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

‘राइट’ हे क्रियापद इंग्रजीत फार सैल हाताने वापरले जाते. मुळाक्षरे गिरविणारे पोर ‘राइट’ करते, कादंबरीकार ‘राइट’ करतो, आईला पत्र पाठविणारा मुलगाही ‘राइट’ करतो. मागे ‘ऑफ’ लावला की बुडीत कर्ज खात्यातून निघून जाते. मूळ अर्थ मात्र ओरखडणे, कोरणे एवढाच. आपल्या ‘लिहिणे’चीही कुळकथा तीच; संस्कृत ‘लिख्’ म्हणजे ओरखडा काढणे. महाडजवळ गांधारपाल्याच्या लेण्यांत जाऊन पाहावे, तेथे हा मूळ अर्थ खडकावर उभा आहे. विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाचा ब्राह्मी लेख तेथे आहे. ज्याने छिन्नी धरली त्याचे नाव नाही. दान देणारा तो ‘लिहिणारा’ ठरला.

कल्पिणे आणि कागदावर उतरविणे ही दोन कामे इंग्रजीने एका क्रियापदात कोंबली. जुन्या मराठीने ती वेगळी ठेवली होती. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२चा, म्हणजे इ. स. १२९०चा, जो उल्लेख येतो त्यातील क्रियापदे नीट पाहावीत. ज्ञानेश्वरांनी टीका ‘केली’ आणि सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाले. ज्याला आज आपण लेखक म्हणतो तो तेथे लेखक नाही! लेखक तो, ज्याच्या बोटांना शाई लागली. ग्रंथ करावा, रचावा, बोलावा. लिहिणे हे नंतरचे, हाताचे काम. इंग्रजी अंमलात आपण ‘रायटर’ला ‘लेखक’ हा प्रतिशब्द पक्का केला आणि लेखकु नावाचा माणूस भाषेतून निघून गेला. गंमत अशी की ज्या ईस्ट इंडिया कंपनीबरोबर हे इंग्रजी आले, तिच्या नोकरीत ‘रायटर’ म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा कारकूनच असे. कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगचे नाव त्या कारकुनांवरून पडले.

शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणांनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. तो मुलगा परंपरेशी प्रामाणिक होता, मी व्याकरणाशी. आणि हाताच्या कामाला कमी लेखावे असे समर्थांना मुळीच वाटत नव्हते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे एकाच लेखणीचे वाटावे. फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता यायला हवे. पानाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जाणार नाही. वाङ्मयेतिहासात ‘लेखनविषयक विचार’ म्हणून या समासाचा गौरव होतो, तेव्हा मला हसू येते. शैली, कल्पना, प्रतिभा यांविषयी तेथे अवाक्षर नाही. तेथे दौत आहे, कागद आहे, चाकू आहे. माझ्या मते मराठीत लेखकुविषयी इतक्या मायेने दुसऱ्या कोणी बोललेले नाही.

घळीपासून थोड्या अंतरावर पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे संस्कृत ‘शिवभारत’ बत्तिसाव्या अध्यायात अपुरे थांबते. त्या ग्रंथातही परमानंद ‘लिहीत’ नाहीत. काशीच्या पंडितांनी विचारले आणि त्यांनी सांगितले, अशी ग्रंथाची मांडणी आहे.

आपल्या वाचकांना याहून जवळचा दाखला रोमकरांस पाठविलेल्या पत्रात मिळेल. पत्र संत पौलाचे, याविषयी कोणाला शंका नाही. परंतु सोळाव्या अध्यायात, निरोपाच्या नमस्कारांमध्ये, एकाएकी तिसराच माणूस तोंड उघडतो. तर्तियस आपले नाव सांगतो, हे पत्र लिहिणारा मी, असे म्हणतो आणि प्रभूमध्ये नमस्कार घालतो. एवढ्या प्रचंड तत्त्वचिंतनानंतर त्याला एकच वाक्य मिळाले. याउलट गलतीकरांच्या पत्राच्या शेवटी पौल स्वतः लेखणी घेतो आणि आपली अक्षरे किती मोठी आहेत ते पाहा, असे म्हणतो. दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच आहे. पत्र कोणाचे हा गोंधळ मात्र होत नाही, कारण पौलाने लेखकुला लपविले नाही.

आपण लपविले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला तो हस्तलिखितांच्या आधारे. मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी पोथी लंडनला पोचली, तीही कोणाच्या तरी हातची. मुद्रणयंत्र हरले आणि नकलून काढणारे हात जिंकले. स्टीफन्सविषयी आपल्याकडे व्याख्याने झाली, लेख आले, आणि ते योग्यच झाले. नकलकारांविषयी मी एकही व्याख्यान ऐकले नाही. ‘क्रिस्तपुराण कोणी लिहिले?’ या प्रश्नाला आपण एकच उत्तर पाठ करतो. कोणी केले, असे विचारले तर ते उत्तर बरोबर आहे.

‘लिहिणे’ची दुसरी बाजूही महाडनेच दाखविली आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरावाच्या वहीत लिहून ठेवले. मराठीत ‘लिहून ठेवणे’ याचा एक अर्थ जपणे आणि दुसरा बाजूला ठेवणे! तीन वर्षे ती शाई कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा लिहिलेले खरे झाले. त्यावर नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, आपण नाताळ साजरा करीत होतो त्या दिवशी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. लिहिलेले केवळ लिहिलेले आहे म्हणून पूज्य नाही, हे तेथे अग्नीच्या साक्षीने सांगितले गेले. तळ्याचा न्यायालयातील निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ‘राइट’चा कोणताही कोश या क्रियापदाला इतके ओझे उचलायला लावीत नाही.

महाडला माझ्या शेजारी पोलादपूरकडची एक म्हातारी राही. मुलगा मुंबईला गिरणीत. महिन्याला मनीऑर्डर आली की ती माझ्याकडे पोस्टकार्ड घेऊन येई. ती बोले, मी लिही. पहिल्या काही कार्डांत मी तिची वाक्ये सुधारली. एकदा तिने वाचून दाखवायला सांगितले आणि म्हणाली, “गुरुजी, हे तुमचं झालं. माझं लिवा.” तेव्हापासून ती बोले तसेच उतरू लागलो. शेजारणीला मात्र ती सांगे, “म्या लेकाला पत्र लिवलं.” आणि कार्ड संपत आले की कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून न चुकता म्हणे, “हितं लिवणाराचा नमस्कार घाला.”