रेजाणी पाणी आणि 'समाज' नावाचा शब्द

अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूँदें' (१९९५) हे पुस्तक पाण्यावरचं आहे, पण मला ते आधी शब्दांचं पुस्तक वाटतं. थारच्या लोकांनी पाण्याचे तीन प्रकार केले. पावसाचं थेट मिळणारं ते पालर, खोल भूगर्भातलं ते पाताल आणि या दोघांच्या मधलं रेजाणी. जैसलमेर, बिकानेरकडे काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. मुरलेला पाऊस ओल होऊन त्याच्यावरच अडकतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. त्या ओलीसाठी अरुंद कुंई खणायची. थेंब थेंब पाझरून दिवसाला दोन-तीन घागरी मिळतात. तोंड रुंद केलं तर एवढंसं पाणी तळावर पसरेल, पोहऱ्यात येणारच नाही.

हे सांगताना मिश्र खणणाऱ्या चेजारोला मध्यभागी ठेवतात. खाली जीव गुदमरतो, म्हणून वरचे लोक मूठ मूठ वाळू जोरात खाली फेकतात. तिच्यासोबत ताजी हवा खाली जाते, गरम हवा वर येते. वाळूचा मार चुकवायला चेजारोच्या डोक्यावर धातूचं भांडं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एखादी युक्ती ती करणाऱ्याच्या डोक्यासकट शिकवलेली मला आठवत नाही.

कुंई खाजगी, पण खणायची सामायिक जमिनीवर. ओल तेवढीच, म्हणजे नवी कुंई हा जुन्यांच्या वाट्यातला नवा भागीदार. म्हणून गावाची संमती लागते. आपल्याकडे बोअर मारताना शेजाऱ्याला कोण विचारतं? प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात विहिरीचं पाणी उपसून भरतात आणि त्यालाही जलसंधारण म्हणतात. पालर की पाताल, हे वेगळं करणारा शब्दच रोजच्या बोलण्यात नाही, मग भांडणार तरी कसं?

इथवर मी पुस्तकाच्या बाजूने. माझी अडचण 'समाज' या शब्दाशी आहे. मिश्रांच्या लेखनात सगळं घडवणारा समाजच असतो. चेजारोला मान आणि पिकात वाटा मिळायचा, पुढे ते नातं नुसत्या मजुरीवर आलं, हे ते लिहितात. पण काठावर घागर कोण टेकवू शकत नव्हतं? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं १९२४ सालीच कागदावर सर्वांना खुलं केलं होतं. प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यानंतर 'समाजा'नेच तळ्याचं शुद्धीकरण केलं. हायकोर्टाचा निकाल थेट १९३७चा. मिश्रांचा जन्म वर्ध्याचा. हा इतिहास त्यांना परका नव्हता.

वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून भेगा पडत नाहीत आणि आतली ओल उडून जात नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. कणांमधलं अंतर इतकं बारकाईने पाहणाऱ्या लेखकाला घागरींमधलं अंतर दिसू नये, हे खटकत राहतं.