'आणि' की 'म्हणून'?

'औषध दिले आणि विषाणू कमी झाला.' असे वाक्य वाचताना आपण 'आणि'च्या जागी नकळत 'म्हणून' वाचतो. शोधनिबंधांतही हे घडते. बीके विषाणूवरच्या उपचारांची कहाणी हा त्याचा बोलका नमुना आहे.

१९७१ साली लंडनमध्ये, मूत्रपिंडरोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत हा विषाणू सापडला. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच त्याचे नाव झाली. बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होते आणि पुढे तो मूत्रपिंडात सुप्त राहतो. रोपणानंतर शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. पहारा ढिला पडला, की विषाणू वाढतो आणि नव्या मूत्रपिंडालाच इजा करतो.

अशा वेळी डॉक्टर ती औषधे कमी करतात. अनेकदा त्याच सुमारास मायकोफेनोलेट थांबवून लेफ्लुनोमाइड सुरू केले गेले. मग विषाणू उतरला तर श्रेय कोणाचे? दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि तुलनेला दुसरा गट नाही! आठवीच्या प्रयोगवहीत तरी आपण असा निष्कर्ष मान्य करू का? अशा अहवालांवर आमचा आक्षेप हाच आहे.

लेवोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची मात्र नीट परीक्षा झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रक्तात विषाणू आढळलेल्या ३९ रुग्णांपैकी काहींना हे औषध, तर काहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी महिनाभर दिली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दोन्ही गटांत गरजेप्रमाणे बदलली होती. तीन महिन्यांनी औषधाच्या गटात विषाणू ७०.३ टक्क्यांनी घटले होते, दुसऱ्या गटात ६९.१ टक्क्यांनी! दुसरा गट नसता, तर 'सत्तर टक्के गुण' असा डांगोरा पिटला गेला असता.

या चाचणीतही उणिवा आहेतच. ३९ ही संख्या लहान आहे. छोटासा फायदा तीत निसटू शकतो. शिवाय विषाणू मोजणे म्हणजे मूत्रपिंड किती वर्षे टिकले हे मोजणे नव्हे. पण आपला दावा खोटा ठरू शकेल अशी सोय तिने ठेवली, हे तिचे मोठेपण.

खात्रीचे विषाणूरोधक औषध अजूनही नाही. प्रतिकारशक्तीवरचा दाब कमी करणे हाच मुख्य मार्ग आहे, आणि त्यात शरीराने मूत्रपिंड नाकारण्याचा धोका असतो. म्हणूनच 'आणि'चे 'म्हणून' होण्याआधी विचारायला हवे: औषध दिले नसते तर काय झाले असते?