छापील गाथा आणि तोंडचा पाठ

एकोणिसावे शतक म्हटले की लोक १८५७ सांगतात. वारकऱ्याने १८६९ही सांगावे. त्या वर्षी विष्णुशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या साहाय्याने तुकोबांच्या गाथेचा पहिला भाग मुंबईत इंदुप्रकाश छापखान्यात छापला; दुसरा १८७३चा. पैसा इंग्रज सरकारचा, हेही नवलच! देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून पाहिल्या, आणि जिथे शब्द जुळेना तिथे पाठभेद नोंदवले. माझ्या मते गाथेचे खरे मोल त्या नोंदींत आहे. चाल मात्र कागदावर उतरली नाही.

पुढच्या पुष्कळ स्वस्त आवृत्त्यांनी त्या नोंदीच गाळल्या. मग होते काय? जव्हार-मोखाड्याकडून पौष वारीला त्र्यंबकी निवृत्तिनाथांकडे निघालेल्या दिंडीत म्हातारा टाळकरी बापाच्या तोंडून आलेला पाठ म्हणतो आणि शिकलेला पोरगा पुस्तक उघडून मध्येच म्हणतो, ‘बाबा, चुकलं.’ अरे बाळा, कशावरून? बाबांचा शब्द त्या गाळलेल्या नोंदीत असला तर? बाबा गप्प होतात आणि पुढच्या वारीला मागे उभे राहतात. पंडितांची जुनी प्रत मिळवा, तो अभंग काढून पाहा. तोवर बाबांना म्हणू द्या.