भांडी मोजण्याचं शास्त्र

लग्न कसं झालं हे मांडवात बसून कळत नाही. ते दुसऱ्या दिवशी कळतं. मांडववाला बांबू उपसत असतो, आचारी राहिलेले पैसे मागत असतो आणि गोळा केलेल्या ताटवाट्यांवरची नावं वाचत कोणीतरी बाई ओसरीवर भांडी मोजत बसलेली असते. लग्नाचं खरं परीक्षण त्या बाईच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

सुपरहिरोंच्या कॉमिक्सचंही असंच आहे. तुम्ही म्हणाल, या वयात हा गृहस्थ कॉमिक्स वाचतो? वाचतो. सेवाग्रामला इंजिनिअरिंगला असलेला भाचा रविवारी जेवायला येतो आणि थैलीभर कॉमिक्स ठेवून जातो. गांधीजींच्या जिल्ह्यात इतकी मारामारी दुसरीकडे कुठे नसेल.

अमेरिकेतल्या मार्व्हल आणि डीसी या कंपन्या अधूनमधून आपले सगळे हिरो एका युद्धात उतरवतात. त्याला म्हणायचं क्रॉसओव्हर. मुख्य कथा सात किंवा बारा अंकांत आटोपते, पण तेवढ्यावर दुकान चालत नाही. म्हणून आजूबाजूला आणखी मालिका निघतात, त्या टाय-इन. मुख्य मालिका म्हणजे लग्न, आणि टाय-इन म्हणजे जानोशात उतरलेल्या चुलत मावशीची हकीकत. माझा विषय आहे या मावशीचा शेवटचा अंक. जग वाचलं की बुडालं, हे तिकडे मांडवात ठरून गेलेलं असतं. इथे फक्त भांडी मोजायची असतात.

हा अधिकार मला वर्ध्याने दिला. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाली, पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे. आमच्यासाठी ती मराठीतही येऊ लागली, आणि डेंकालीचं जंगल आम्हाला आर्वीच्या रस्त्यापेक्षा ओळखीचं झालं. पण वेताळाची गोष्ट कधीकधी दोन अंकांत तोडलेली असे. अशाच एका गोष्टीचा पहिला भाग माझ्याकडे आणि दुसरा वर्गातल्या मित्राकडे होता. रविवारी अदलाबदल ठरली. शुक्रवारी त्याच्या रेल्वेतल्या वडिलांची भुसावळला बदली झाली. माझा वेताळ अजून त्या भुयारातच आहे. पुढे १९९० मध्ये इंद्रजालच बंद झालं. इंग्रजी आवृत्तीचे क्रमांक ८०५ पर्यंत गेले, अंक मात्र ८०३, कारण टाइम्स ऑफ इंडियातल्या संपामुळे १२३ आणि १२४ निघालेच नाहीत. अर्धी गोष्ट विकत घेतलेल्या माणसाची उरलेली अर्धी कोणाकडे तरी उधार राहते. शेवटचा अंक ती उधारी फेडतो का, एवढंच मी बघतो.

आता नमुने घ्या. डीसीने २००७ मध्ये ‘काउंटडाउन’ काढलं. दर आठवड्याला एक अंक, क्रमांक उलटे, ५१ पासून खाली. म्हणजे शेवटच्या अंकाचा क्रमांक १! वर्षभर लोकांनी पैसे मोजले ते पुढे येणाऱ्या ‘फायनल क्रायसिस’ची तयारी म्हणून. २००८ मध्ये ते आलं, तर त्यातल्या कितीतरी गोष्टी या तयारीशी जुळेनात. आपल्या घरून एक्कावन्न ताटं गेली आणि परत आलेल्या ताटावर दुसऱ्याचंच नाव, असा प्रकार.

मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’चा (२००६-०७) मासला वेगळा. सुपरहिरोंनी सरकारदरबारी नोंदणी करायची की नाही, यावरून आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका भांडतात. शेवटी कॅप्टन शरण जातो. या युद्धातली साध्या माणसांची बाजू सांगायला ‘फ्रंट लाइन’ नावाची जोडमालिका निघाली, तिचे नायक दोन वार्ताहर. कल्पना झकास. पण शेवटच्या, अकराव्या अंकात सॅली फ्लॉइड ही वार्ताहर तुरुंगातल्या कॅप्टनला फैलावर घेते. का? तर त्याला मायस्पेस ठाऊक नाही, मोटारींच्या शर्यती बघायला तो जात नाही, म्हणून त्याला देश कळलेलाच नाही! ज्या मायस्पेसला लोक पुढे सोडून गेले, त्यावरून देशभक्ती मोजायची. बरं, या दोघांना आयर्न मॅनच्या कारस्थानाचा पत्ता लागलेला असतो. ते त्याच्यासमोर जाऊन सांगतात की आम्हाला सगळं ठाऊक आहे, पण आम्ही छापणार नाही. आमच्याकडचा वार्ताहर सरपंचाची बकरी हरवली तरी दोन कॉलम लिहितो! अकरा अंक वाचकाला बातमीच्या मागे पळवायचं आणि शेवटी बातमीच गिळायची, ही उधारी बुडवणं झालं.

त्याच युद्धाचं शेपूट म्हणून २००७ मध्ये ‘द कन्फेशन’ नावाचा एकच सुटा अंक निघाला. लेखक ब्रायन मायकेल बेंडिस, चित्रं अॅलेक्स मालीव्हची. कॅप्टन मारला गेला आहे. जिंकलेला आयर्न मॅन त्याच्या मृतदेहाशेजारी बसून बोलतो. मारामारी नाही, नवा खलनायक नाही. आपण हे का केलं ते तो सांगतो, आणि मोजलेल्या किमतीच्या मानाने हे सगळं करण्याजोगं नव्हतं, हेही कबूल करतो. ऐकायला हवा होता तो माणूस तेवढा ऐकत नाही. मांडवातल्या सात अंकांत न झालेला हिशोब इथे ओसरीवर झाला.

भाच्याला हे पटत नाही. “मामा, तुमी मेन सिरीज धड वाचली नाही, अन् टाय-इनवर काऊन बोलता?” मी म्हटलं, “बाळा, जानोशातल्या पाहुण्याला पोटभर जेवण मिळालं नाही, तर मांडवात जिलबी होती हे सांगून त्याचं पोट भरत नाही. आहेर त्यानेही पूर्णच केलेला असतो.”

यावर तो काही बोलला नाही. बाकीची कॉमिक्स त्याने थैलीत भरली. ‘कन्फेशन’ माझ्या उशाशी होतं.

“मामा, ते परत द्यान बरं.”

“देतो की,” मी म्हणालो, “आधी त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचून घेतो.”