विंचवाच्या उताऱ्याची किंमत

एकनाथांच्या भारुडांचे कौतुक आपण बहुधा अध्यात्माच्या अंगाने करतो. काम-क्रोध म्हणजे विंचू, हे एकदा सांगून झाले की टीकाकाराला आपले काम संपलेसे वाटते. पण ‘विंचू चावला’ या भारुडात रूपकाच्या आड एक रोकडा व्यवहार आहे. त्याकडे पाहिल्यावाचून नाथांची गंमत पुरती हाती लागत नाही.

मराठवाड्याला हा व्यवहार नवा नाही. पैठणची गोदावरी पुढे नांदेडला येते. तेथून खाली लातूरपर्यंतच्या दगडमातीच्या भिंतींत विंचवांना फटींची वाण कधीच नव्हती. नांगी लागली की लोक विंचू उतरवणाऱ्याकडे धाव घेत. तो मंत्र पुटपुटे, अंगारा लावी. नारळ किंवा सव्वा रुपया समोर येई. पैसा घेतला तर विद्या जाते, या श्रद्धेने काही जण मात्र काहीच घेत नसत. पुष्कळ विंचवांची वेदना काही तासांनी आपोआप ओसरते, आणि श्रेय मंत्राला जाते. कोकणातल्या तांबड्या विंचवापुढे मात्र हा हिशेब चुके, कारण त्याचे विष हृदयावरच घाला घालते. तेथे जीव वाचवले ते १९८० नंतर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी, प्राझोसिन या औषधाने. हे डॉक्टरही मूळचे मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातले!

आता नाथांचे सोंग पाहा. विव्हळणारा रोगी तेच आणि उतारा सांगणारा जाणताही तेच. अंगारा आहे तो सत्त्वगुणाचा. दक्षिणेचे नाव नाही. शिवाय उतारा पडल्यावरही थोडी फुणफुण उरते, असे नाथ मोकळेपणी सांगतात. ती शांत होते गुरुकृपेने. माल खपवायचा असता तर ही फुणफुण त्यांना लपवावीच लागली असती.

सोंग आणि मंत्रविक्री यांची जोडी आजच्या मुलांच्या खेळातही आहे. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये खेळाडू मांत्रिकाचे सोंग घेतात. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत मंत्राचा दर छापला आहे: मांत्रिकाची पातळी गुणिले मंत्राची पातळी गुणिले दहा सोन्याची नाणी. वडीलधाऱ्यांनी घाबरू नये. येथे विकणारा आणि घेणारा दोघेही जाणतात की हे सोंग आहे. भारुडाच्या श्रोत्यांनाही ते ठाऊक असते. भोंदूच्या दारी मात्र सोंग एकालाच ठाऊक असते. दुसऱ्याचा जीव पणाला लागलेला असतो.

ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा ठरला.

भारुडात एक उणीव राहतेच. खऱ्या विंचवाच्या रोग्याला ते काही देत नाही. भारुडाला मान डोलावणारा श्रोता त्याच रात्री मांत्रिकाचे दार ठोठावू शकतो. परंतु उतारा सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारायला नाथांनी आपल्याला शिकवले आहे: बाबा रे, फुणफुण किती उरेल? जो ‘मुळीच नाही’ म्हणेल, त्याच्या हाती सव्वा रुपयासुद्धा ठेवू नये.