ऋतू, बाजार आणि परीक्षण : हंगामी सौंदर्यप्रसाधन-संचांच्या समीक्षेची एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत परीक्षण या लेखनप्रकाराला मोठी परंपरा आहे. ग्रंथ, नाटक, चित्रपट, संगीताची मैफल यांच्या परीक्षणांनी मराठी वाचकाची अभिरुची घडविली, आणि परीक्षकाने कोणत्या निकषांवर निर्णय द्यावा याविषयी वेळोवेळी वादही झाले. गेल्या दोन-अडीच दशकांत वृत्तपत्रांच्या पुरवण्या, महिलांची नियतकालिके आणि अलीकडे दृक्-श्राव्य माध्यमे यांतून परीक्षणाचा आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. दर हंगामात बाजारात येणारे लिपस्टिक, काजळ, फाउंडेशन, नेलपॉलिश इत्यादींचे नवे संच वापरून पाहणे आणि त्यांविषयी वाचकांना मत सांगणे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याचा वाचकवर्ग ग्रंथपरीक्षणाच्या वाचकवर्गापेक्षा कितीतरी मोठा असूनही समीक्षेने त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. विषय क्षुल्लक आहे, ही समजूत त्यामागे असावी.

ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. ज्या लेखनावर विसंबून एखादी स्त्री आपल्या कमाईतील रक्कम खर्च करते आणि एखादे द्रव्य आपल्या ओठांना, पापण्यांना लावते, ते लेखन क्षुल्लक म्हणता येत नाही. हंगामी प्रसाधनाचे परीक्षण 'हंगाम' हा शब्द उत्पादकाकडून जसाच्या तसा स्वीकारते, वाचकाच्या ऋतूत ती वस्तू पारखून पाहत नाही, आणि म्हणून ते परीक्षण न राहता जाहिरातीचा विस्तार ठरते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूर हा परिसर, आणि त्यातही खालापूर तालुक्यातील कुंभिवली हे गाव, दृष्टिबिंदू म्हणून घेतले आहे. खोपोलीच्या औद्योगिक पट्ट्याचे सान्निध्य आणि लोकलने आवाक्यात आलेली मुंबईची दुकाने यांमुळे येथील स्त्री नव्या प्रसाधनांची ग्राहक आहे. तिचे हवामान मात्र सह्याद्रीच्या पायथ्याचे आहे.

१. 'हंगाम' या संकल्पनेची घडण

प्रसाधनांचा हंगाम ही निसर्गाची नव्हे, व्यापाराची निर्मिती आहे. 1932 मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या रेव्हलॉन या कंपनीने नखांच्या रंगापासून आरंभ केला आणि वसंत व शरद अशा दोन हंगामांत नव्या छटा, नव्या नावांनी आणण्याची पद्धत रूढ केली. यामागील युक्ती सोपी होती. लिपस्टिक संपण्याची वाट पाहिली तर विक्री मंदावते, परंतु छटाच 'मागील हंगामाची' ठरविली तर न संपलेली लिपस्टिकही जुनी होते. कपड्यांच्या क्षेत्रातील फॅशनचे तत्त्व अशा रीतीने रंगाच्या डबीला लागू झाले. याच कंपनीची 1952 मधील 'फायर अँड आइस' ही मोहीम या तंत्राचे ठळक उदाहरण मानली जाते. तिच्यात लाल रंगाच्या एका छटेबरोबर स्त्रीच्या एका विशिष्ट प्रतिमेचीही विक्री झाली.

योगायोग असा की, त्याच वर्षी, म्हणजे 1952 मध्ये, भारतात लॅक्मे या कंपनीची स्थापना झाली. टाटा ऑइल मिल्स या कंपनीची ही उपकंपनी फ्रेंच सहकार्याने उभी राहिली. तिचे नाव देलिब या संगीतकाराच्या, 1883 मध्ये पॅरिस येथे प्रथम सादर झालेल्या संगीतिकेवरून घेतलेले आहे आणि ते 'लक्ष्मी' या नावाचे फ्रेंच वळण आहे. परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन वाचविणे हा या उद्योगामागील एक हेतू होता. सिमोन टाटा 1961 मध्ये कंपनीच्या व्यवस्थापनात आल्या व 1982 मध्ये अध्यक्ष झाल्या. भारतीय हवामान व भारतीय वर्ण यांचा विचार करणारे प्रसाधन सामान्य मध्यमवर्गीय स्त्रीपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय या कालखंडाला द्यावेच लागते. 1998 मध्ये ही नाममुद्रा हिंदुस्थान लिव्हरच्या मालकीची झाली. म्हणजे आयात केलेल्या वस्तूला देशी पर्याय देण्यापासून या कंपनीचा प्रवास सुरू झाला. 'हंगाम' ही कल्पना मात्र आयातच राहिली, तिला देशी पर्याय शोधला गेला नाही.

२. दोन ऋतूंचे पंचांग

लॅक्मेच्या नावाने होणाऱ्या फॅशन वीकचा आरंभ 2000 मध्ये दिल्लीत झाला, आणि 2006 पासून मुंबईत त्याचे स्वतंत्र आयोजन वर्षातून दोनदा होऊ लागले. 'समर-रिसॉर्ट' आणि 'विंटर-फेस्टिव्ह' ही त्यांची प्रदीर्घ काळ वापरली गेलेली नावे. समारोपाचे सादरीकरण त्या हंगामाच्या रंगभूषेच्या कल्पनेभोवती गुंफण्याची प्रथा असल्याने या दोन नावांचा प्रसाधनांच्या हंगामावरही परिणाम झाला. ही नावे बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. उन्हाळा आहे, हिवाळा आहे, सहल आहे, सण आहे. पावसाळा मात्र कोठेही नाही. विशेष म्हणजे 2019 पर्यंत यांतील हिवाळी पर्व बहुधा ऑगस्टमध्ये मुंबईत भरत असे. सभागृहाबाहेर पाऊस कोसळत असताना आत हिवाळ्याचे रंग ठरत असत. व्यापाराला काही महिने पुढे चालावे लागते, हे त्याचे कारण मान्य करूनही, जून ते सप्टेंबर हे चार महिने या पंचांगातून गळाले आहेत, हे नाकारता येत नाही.

कर्जत-खालापूर परिसरात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व या चार महिन्यांतच पडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दिवाळी, जिला बाजार हिवाळी सण मानतो, ती बहुधा ऑक्टोबरच्या उष्म्यात किंवा त्याच्या लगत येते. मंगळागौर श्रावणात असते आणि गौरी-गणपती भाद्रपदात, म्हणजे दोन्ही प्रसंग भर पावसाळ्यातील. स्त्रीने नटण्याचे जे प्रसंग येथील समाजजीवनाने ठरविले आहेत, त्यांतील महत्त्वाचे प्रसंग बाजाराच्या हंगामात बसत नाहीत. जे प्रसंग बसतात, त्यांचे हवामान वेगळे असते.

बाजाराने निर्माण केलेला हंगाम नेहमीच परका राहतो, असे मात्र नव्हे. नवरात्रातील नऊ दिवसांचे नऊ रंग हे गेल्या दोन दशकांत वृत्तपत्रांनी रूढ केलेले वेळापत्रक आहे. तरीही कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या महिलांच्या डब्यात त्या-त्या दिवशी एकाच रंगाच्या साड्या दिसतात, तेव्हा त्यात सहप्रवासाचा व मैत्रीचा आनंद असतो. त्याबरोबरच, ज्या स्त्रीकडे त्या रंगाची साडी नाही तिच्यावर येणारा संकोचही त्यात असतो. समीक्षकाने या दोन्ही बाजू पाहाव्यात अशी अपेक्षा असते. बाजाराचा हंगाम खोटा आहे असे म्हणून तो झटकून टाकणे, अथवा तो उत्सव आहे असे म्हणून त्याचे केवळ स्वागत करणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

३. सहा ऋतूंचे सहा लेप

ऋतूनुसार प्रसाधन बदलण्याची कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचा विचार आलेला आहे. दोषघ्न, विषघ्न आणि वर्ण्य असे मुखलेपाचे तीन प्रकार सांगून तेथे हेमंतापासून शरदापर्यंत सहा ऋतूंसाठी सहा स्वतंत्र लेप दिले आहेत. हेमंताच्या लेपात बोराचा मगज व पांढरी मोहरी आहे. ग्रीष्माच्या लेपात कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन आहे. वर्षा ऋतूच्या लेपात तीळ, वाळा, जटामांसी व तगर आहे. लेपाची जाडी किती असावी, तो पूर्ण वाळण्यापूर्वीच ओला करून का काढावा, लेप लावल्यावर दिवसा झोपणे, फार बोलणे, विस्तव व ऊन यांजवळ जाणे का टाळावे, याच्या सूचनाही तेथे आहेत.

या उल्लेखाचा हेतू प्राचीनाचे गौरवीकरण करणे हा नाही. चंदन आणि कमळे ही त्या काळीही सर्वांना परवडणारी द्रव्ये नव्हती. शिवाय कोणत्याही लेपाची उपयुक्तता आजच्या कसोट्यांवर सिद्ध व्हावी लागते. 'आयुर्वेदिक' हा शब्दही आज वेष्टनावरील विक्रीचे साधन झाला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पद्धतीची आहे. वाग्भटाच्या मांडणीत ऋतू हे लेपाचे नाव नाही, तर त्याचे कारण आहे. ऋतू बदलला म्हणून द्रव्य बदलते, आणि वापरण्याची मर्यादाही सांगितली जाते. आजच्या हंगामी संचात बहुतेक वेळा द्रव्य तेच राहते, छटा व वेष्टन बदलते, आणि ऋतू केवळ नावापुरता उरतो.

आधुनिक मराठीत दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' (1956) या ग्रंथाने महिन्यामहिन्याने बदलणारी सृष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची शिस्त वाचकाला दिली. ऋतू हा आयता संकेत नसून निरीक्षणाने जाणण्याचा अनुभव आहे, ही त्या लेखनाची शिकवण. ज्या भाषेत असा ग्रंथ आहे, त्या भाषेतील हंगामी परीक्षणाने 'वसंताचे गुलाबी' किंवा 'शरदाचे तपकिरी' अशी अनुवादित विशेषणे वापरावीत, हे खटकते. येथील वसंत पळस, पांगारा व काटेसावरीच्या लाल-केशरी फुलांचा आहे. येथील शरद पिवळ्या सोनकीचा आणि पिकत्या भाताचा आहे.

४. परीक्षणाची पद्धती : काही उणिवा

प्रचलित परीक्षणांत वस्तू लावून पाहिली जाते, ही जमेची बाजू आहे. परंतु ती कोठे, किती वेळ आणि कोणत्या परिस्थितीत लावली, याचा तपशील क्वचितच मिळतो. वातानुकूलित खोलीत, कृत्रिम प्रकाशात, लावल्यानंतर लगेच घेतलेले छायाचित्र हा बहुधा मुख्य पुरावा असतो. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे पावडर गोळा होते व फाउंडेशनचे पट्टे पडतात. काजळ व लिपस्टिक यांतील मेण आणि तेल उष्णतेने मऊ होऊन पसरते. सकाळी कुंभिवलीहून निघून कारखान्यात आठ तास उभे राहणाऱ्या, अथवा खोपोली-कर्जत लोकल पकडून पुढे मुंबईच्या गर्दीत शिरणाऱ्या स्त्रीसाठी प्रसाधनाची खरी परीक्षा लावल्यानंतर चार तासांनी सुरू होते. परीक्षण मात्र बहुधा त्यापूर्वीच संपलेले असते.

'न पुसणारी' या दाव्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या प्रकारच्या द्रवरूप लिपस्टिकमधील बाष्पनशील द्रव उडून गेल्यावर ओठांवर एक पातळ पापुद्रा राहतो. तो पाण्याला व कपाच्या कडेला दाद देत नाही, परंतु तेलाने सुटतो. म्हणून पेल्यावर ठसा न उमटणे ही अर्धीच कसोटी होय. कर्जत स्थानकावरील प्रसिद्ध बटाटावडा खाल्ल्यानंतर ओठांवर काय उरते, ही येथील ग्राहकाला उपयोगी पडणारी कसोटी आहे. ती विनोदी वाटली तरी तिच्यामागील रसायन गंभीर आहे.

दुसरी उणीव वर्णाविषयीची आहे. एकच छटा गोऱ्या, गव्हाळ व सावळ्या त्वचेवर वेगवेगळी दिसते. 'त्वचेच्या रंगाची' म्हणून विकली जाणारी लिपस्टिक नेमक्या कोणाच्या त्वचेच्या रंगाची, हा प्रश्न परीक्षणात विचारला जायला हवा. 1975 मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचे नाव 2020 मध्ये बदलले गेले. नाव बदलले तरी उजळपणाचा जुना मापदंड अनेक परीक्षणांच्या भाषेत, 'चेहरा उठून दिसतो' अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दांत, टिकून आहे.

तिसरी उणीव काळाविषयीची आहे. हंगामासाठी घेतलेला संच हंगाम संपल्यावर कपाटात जातो आणि पुढील वर्षी पुन्हा बाहेर येतो. मस्कारा उघडल्यानंतर साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा, असे सांगितले जाते, कारण ओलसर कांडीवर जंतू वाढतात व डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो. वर्षातून दोन प्रसंगी वापरण्यासाठी घेतलेली वस्तू वर्षभर टिकते का, हा प्रश्न हंगामी संचाच्या परीक्षणात सर्वप्रथम यावयास हवा. तो बहुधा शेवटीही येत नाही.

५. परीक्षकाचे हितसंबंध

ग्रंथपरीक्षकाला प्रकाशकाकडून अभिप्रायार्थ प्रत मिळते, त्याचप्रमाणे प्रसाधन-परीक्षकाला उत्पादकाकडून संच मिळतो. फरक असा की, अभिप्रायार्थ प्रतीचा उल्लेख नियतकालिकात उघडपणे होत असे. येथे तो अनेकदा होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने प्रसिद्ध व्यक्ती व प्रभावकांसाठी स्वतंत्र सूचना दिल्या. त्यांनुसार मानधन, भेटवस्तू वा विनामूल्य उत्पादन अशा स्वरूपाचा संबंध असल्यास तो सोप्या, स्पष्ट भाषेत जाहीर करणे अपेक्षित आहे. मराठी निवेदनाच्या मध्येच रोमन लिपीतील एखादे बारीक अक्षरचिन्ह दाखविल्याने ही अपेक्षा शब्दशः पूर्ण झाली, तरी तिचा हेतू साध्य होत नाही. 2020 च्या प्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर घटकद्रव्ये आणि वापराची अंतिम मुदत छापली जाते. हा मजकूर वाचून मराठीत समजावून देणे हे तरी परीक्षकाने आपले कर्तव्य मानावे.

समारोप

वरील विवेचनावरून हंगामी प्रसाधनाच्या परीक्षणासाठी चार किमान निकष सुचविता येतात. पहिला, वस्तू वाचकाच्या ऋतूत व वाचकाच्या दिनक्रमात पूर्ण दिवस वापरून पाहावी आणि तो तपशील द्यावा. दुसरा, एकाहून अधिक वर्णांवर ती दिवसाच्या प्रकाशात पाहावी. तिसरा, किमतीचा विचार डबीच्या किमतीवर न थांबवता तिच्या टिकण्यावर व प्रत्यक्ष वापराच्या दिवसांवर करावा. चौथा, ती वस्तू कशी मिळाली हे मराठीत स्पष्ट सांगावे. यांतील कोणत्याही निकषासाठी प्रयोगशाळेची गरज नाही; गरज आहे ती समीक्षकाच्या प्रामाणिक निरीक्षणाची.

नटणे हा स्त्रीचा आनंद आहे, आणि त्यावर नैतिक शेरे मारण्याचा अधिकार समीक्षेला नाही. परंतु त्या आनंदासाठी मोजलेल्या पैशाचा योग्य मोबदला मिळाला की नाही, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षेवर निश्चितच आहे. आषाढातील पावसात कुंभिवलीच्या रस्त्यावर टिकणारे काजळ कोणते, या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी मराठी परीक्षण स्वतः तपासून देईल, त्या दिवशी ते जाहिरातीपासून वेगळे होऊन परीक्षण या नावास पात्र ठरेल.