कुवेती कादंबरीतलं बालपण: कोणाचं जपलं, कोणाचं राहिलं

वयात येणाऱ्या मुलाची कादंबरी लिहिताना लेखकाची कसोटी लागते ती एका ठिकाणी: मुलाला जेवढं कळतं त्याहून जास्त त्याच्या तोंडी घालायचं नाही. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'मध्ये आणीबाणी आहे, पण शाळकरी जोशीचा सगळा जीव शिरोडकर या मुलीमध्ये अडकलेला. काळाचं सावट वाचकाला दिसतं, जोशीला पुरतं उमगत नाही. म्हणून त्याचं निरागसपण खोटं वाटत नाही. हीच कसोटी 2012 पासूनच्या कुवेती कादंबरीला लावली, की तिचं बळही दिसतं आणि तिची अडचणही.

सऊद अल-सनूसीच्या 'साक अल-बांबू'ला (2012) अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार 2013 मध्ये मिळाला. कुवेती बाप आणि त्याच घरात मोलकरीण असलेली फिलिपिनो आई यांचा हा मुलगा, होसे. तो वाढतो फिलिपीन्समध्ये. बापाचा देश म्हणजे स्वर्ग, हे आईने लहानपणापासून मनावर बिंबवलेलं. तो कुवेतला येतो, तेव्हा आजी त्याला नातू म्हणून मिरवत नाही. आवारातल्या वेगळ्या खोलीत, नोकरमाणसांच्या बाजूला ठेवते. ही खोली लेखकाने फार नेमकी वापरली आहे. मात्र होसेचा भाबडेपणा कधी कधी सोयीचा वाटतो. कुवेती समाजाला चार शब्द सुनावायचे असले की तो हटकून अजाण होतो.

पुढच्या 'फिरान उम्मी हिस्सा'मध्ये (2015) अल-सनूसी जास्त धोका पत्करतो. सुर्रा या वस्तीतली सुन्नी आणि शिया घरांतली मुलं एकत्र वाढतात. हिस्सा आजीच्या बोलण्यात उंदीर सारखे येतात, पण मुलांना ते दिसत नाहीत. पंथांची नावंही अशीच, थोरांच्या कुजबुजीतून कानावर पडलेली. अर्थ कोणी सांगत नाही. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा देशात घुसतात, तेही मुलांच्या उंचीवरून दिसतं. हा भाग अव्वल आहे. मोठ्या झालेल्या निवेदकाच्या, 2020 मधल्या प्रकरणांत मात्र लेखकाचा संताप पोराच्या नजरेवर कुरघोडी करतो. कुवेतमध्ये या पुस्तकावर बंदी आली; ती उठायला काही वर्षं गेली.

बंदीचा हा अनुभव तिथल्या लेखकांना नवा नाही. 2014 नंतरच्या चार-साडेचार वर्षांत 4,390 पुस्तकांवर बंदी आल्याचं सरकारनेच कबूल केलं होतं. नियम सैल झाले ते 2020 मध्ये. बुथैना अल-ईसाच्या 'हारिस सत्ह अल-आलम'मध्ये (2019) हाच विषय थेट बालपणाला भिडतो. तिथल्या राजवटीत कल्पनाशक्ती हा रोग ठरलेला, आणि पुस्तकं तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरातच एक कल्पनेत रमणारी मुलगी. लेकीला वाचवायचं तर तिचं वेगळेपण लपवायचं, ही बापाची कोंडी रूपककथेच्या चौकटीतही खरी उतरते.

मराठी वाचकाने सर्वांत जास्त रेंगाळावं असं पुस्तक माई अल-नकीबचं आहे. 'अ‍ॅन अनलास्टिंग होम' (2022) ही इंग्रजीत लिहिलेली कादंबरी. नायिका सारा आणि तिचा भाऊ यांना वाढवते मारिया ही आया. ती आपली मुलं मागे ठेवून आली आहे, तीही पुण्यात. सारा मोठी झाल्यावर आपल्या घरातल्या बायकांची कहाणी मांडते, तेव्हा आजीच्या आणि आईच्या पंक्तीला मारियालाही बसवते. हे मोलाचं आहे. होसेची आईही अशीच परक्या घरी राबायला आलेली. म्हणजे कुवेती कादंबरीतल्या सुरक्षित बालपणामागे बहुधा एक परदेशी बाई उभी असते, आणि तिच्या घरी आईविना वाढणारी पोरं.

या लेखकांनी त्या बाईला नाव दिलं, भूतकाळ दिला. आधीच्या मालक-नोकर चित्रणापेक्षा ही प्रगतीच. तरी मारियाची मुलं साराच्या नजरेच्या कडेलाच राहतात. साराच्या कादंबरीने त्याहून पुढे जावं, ही अपेक्षाही बरोबर नाही. दर महिन्याला आखातातून पैसे येतात आणि आई वर्षा-दोन वर्षांनी. अशा घरात वयात येणाऱ्या मुलाला काय कळतं आणि काय कळत नाही, हा प्रश्न पुण्याचा, रत्नागिरीचा, गोव्याचा आहे. मराठी कथांतल्या लंपनसारखं पोर उभं करणाऱ्या भाषेकडे त्यासाठी लागणारी नजर आहे. तो विषय मराठी कादंबरीने आपला म्हणून घ्यायला हवा.